चालीतली उचल

श्वानप्रेमी क्लबात परिपत्रकाला जो मान होता, तो अध्यक्षांनाही नव्हता. एकदा टंकलेखनाच्या चुकीने सभेची वेळ संध्याकाळी पाचऐवजी पहाटे पाच अशी पडली, तर कार्यकारिणीचे नऊच्या नऊ सभासद पहाटे पाचला जांभया देत कुलूपबंद कार्यालयासमोर उभे. एकानेही फोन करून विचारलं नाही. विचारायचं काय? परिपत्रकात आहे म्हणजे आहे. आणि ही परिपत्रकं काढायचे चिटणीस. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय बायकोला चिठ्ठीही न लिहिणारे गृहस्थ.

तर या चिटणिसांच्या घरी एक लॅब्रॅडोर कुत्रा होता. प्रदर्शनाच्या फॉर्मवर त्याचं नाव ‘सम्राट’. घरात सगळे त्याला बटाट्या म्हणत, आणि ज्याने त्याला एकदा पाहिलं त्याला फॉर्मवरचं नाव पटत नसे. वय आठ, वजन विचारू नये असं. जिन्याच्या पायरीवर पाय उचलायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. चिटणिसांच्या बायकोचा तो जीव की प्राण.

मागच्या वर्षी प्रदर्शन ऐन उन्हाळ्यात, सकाळी अकराला भरलं होतं. अध्यक्षांचं भाषण लांबलं, पाहुणे उशिरा आले, आणि साडेबाराला रांगेत उभ्या उभ्या बटाट्याने अंग टाकलं. जीभ हातभर बाहेर, डोळे पांढरे. ओले टॉवेल, बर्फ, डॉक्टरांची धावपळ, सगळं झालं. बटाट्या वाचला. पण बायकोने घरी आल्यावर एवढंच सांगितलं, "अहो, परत जर याला तुमच्या क्लबात उन्हाचा त्रास झाला ना, तर या घरात क्लबाचं नाव काढायचं नाही. आणि तुमच्यावर विश्वास ठेवून मी हा पट्टा परत तुमच्या हातात देणार नाही."

चिटणिसांनी शब्द दिला. आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी जे त्यांना येत होतं ते त्यांनी केलं. अर्ज लिहिला. विषय: प्रदर्शन संध्याकाळी भरवण्याबाबत. संदर्भ: बटाट्या.

कार्यकारिणीत त्यावर चार सभा झाल्या. अध्यक्ष मोठे गृहस्थ, बुटांचे मोठे दुकानदार. बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघत बोलायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "संध्याकाळ उत्तम. पण बक्षीस समारंभापर्यंत अंधार पडणार. दिव्यांचं काय?"

"हिरवळीच्या मैदानावर दिवे नाहीत," खजिनदार म्हणाले. "क्रीडासंकुलाच्या पार्किंगमध्ये बारा खांब आहेत, मोठमोठे."

"तेच खांब उचलून मैदानावर नाही का आणता येणार?" चिटणिसांनी विचारलं.

"खांब हलवता येत नाहीत," खजिनदार म्हणाले. हे ते इतक्या ठामपणे म्हणाले की जणू बारा वेळा हलवून बघितले होते.

झालं. संध्याकाळ हवी म्हणून दिवे, दिवे हवेत म्हणून पार्किंग. जागेची पाहणी करायला चिटणीस स्वतः गेले. सकाळी सातला. नुकतंच केलेलं डांबर, काळंकुळकुळीत, गुळगुळीत, थंडगार. चिटणिसांनी पायातल्या बुटांनी ते ठोकून पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘जागा उत्तम’. घरी येऊन बायकोला सांगितलं, "काही काळजी करू नकोस. संध्याकाळी सहा वाजता. वारा काय सुटतो तिथे!" बायकोने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि पट्टा त्यांच्या हातात दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी वारा सुटला होता, यात शंका नाही. दिवसभर ऊन आग ओकत होतं. पण सहाला खरोखर झुळूक आली. व्यासपीठावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि त्यांच्या मागे दोन मोठे कूलर. कूलरच्या बाजूच्या खांबाला अध्यक्षांनी एक तापमापक टांगला होता. दर पंधरा मिनिटांनी ते उठून त्याच्यात डोकावत आणि माइकवरून सांगत, "एकतीस!" मग टाळ्या. पाहुण्यांच्या पायांना काही लागू नये म्हणून फाटकापासून व्यासपीठापर्यंत लाल गालिचा अंथरला होता. कुत्र्यांसाठी डांबर.

"मुक्या जनावरांची झळ ज्याला कळते तोच खरा माणूस," अध्यक्ष म्हणाले, आणि कूलर आणखी जरा आपल्याकडे वळवून घेतला.

परीक्षक बाहेरगावाहून खास बोलावले होते. घोट्याच्या वरपर्यंत चामड्याचे बूट, गळ्यात शिट्टी, हातात गुण लिहायची फळी. कुत्र्यांच्या चालीवर त्यांचा मोठा अभ्यास होता, असं त्यांच्या ओळखपत्रावरच छापलेलं होतं. कुत्रे एकेक करून रिंगणात आले, आणि परीक्षक पहिल्या पाच मिनिटांतच खूश झाले. असला जोम त्यांनी कुठे पाहिला नव्हता! एकेक कुत्रा पाय टेकतो न टेकतो तोच उचलत होता. कोणी तिरका चालत होता, कोणी उड्या मारत होता. एक छोटी पामेरियन तर मागच्या दोन पायांवरच फिरून आली. परीक्षकांनी तिला दहापैकी दहा दिले. जे कुत्रे बाकांच्या सावलीकडे ओढत होते त्यांचे ‘आज्ञापालन कमी’ म्हणून गुण कापले. एक बुलडॉग शहाणा निघाला, मालकाच्या बुटांवर चढून बसला आणि उतरेचना. त्याला बाद केलं.

मग बटाट्याचा नंबर. चिटणीस पट्टा धरून निघाले, आणि पाहतात तर काय, बटाट्या चालत नव्हता, नाचत होता! ज्याला दोन पायऱ्या चढवायला बिस्किट दाखवावं लागायचं तो गडी गुडघ्यापर्यंत पाय उचलत होता. चिटणिसांचा ऊर भरून आला. आठ वर्षं त्यांनी या कुत्र्याला क्रमांक मिळावा म्हणून अंग घासघासून आंघोळी घातल्या होत्या, आणि आज, त्यांनी मिळवलेल्या संध्याकाळी, पोराने नाव काढलं. बटाट्या गालिच्याकडे ओढत होता, तेही त्यांना व्यासपीठाची ओढ वाटली. त्यांनी पट्टा आखडून धरला आणि त्याला आणखी एक फेरी मारायला लावली.

"वा!" परीक्षक ओरडले. "हे वय, आणि चालीतली ही उचल! पहिला क्रमांक!"

माणसाला आनंद झाला की डोळे असून दिसत नाही. चिटणीस एका हातात चषक, दुसऱ्या हातात पट्टा घेऊन छायाचित्रकाराकडे बघून हसत होते. बायको खुर्च्यांमधून तरातरा चालत आली. ती खाली बसली, तळहात डांबरावर ठेवला आणि चटकन उचलला.

"अहो, हात लावा."

"अगं, फोटो चाललाय..."

"हात लावा म्हणते ना!"

चिटणिसांनी वाकून हात लावला. चुलीवरून नुकताच उतरवलेला तवा तसा. दिवसभर प्यायलेलं ऊन डांबर आता सावकाश सोडत होतं. वर एकतीस, आणि खाली काय होतं ते सांगायला तिथे कोणी तापमापक टांगला नव्हता. बायकोने बटाट्याचा पुढचा पाय उलटा केला. पंजाच्या गाद्या लालभडक झाल्या होत्या, एकीवर फोड आला होता. बटाट्याने तो पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि शेपटी हलवली. त्याला वाटलं, घरी जायचं.

चिटणिसांना जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. जास्तीची फेरी त्यांनीच मारायला लावली होती.

ते व्यासपीठाशी गेले. "साहेब, डांबर तापलंय. कुत्र्यांचे पाय भाजतायत. उरलेलं प्रदर्शन थांबवा."

"कुठे तापलंय?" अध्यक्षांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "मला तर काही जाणवत नाही. शिवाय तीसवर आलाय पारा. तुम्ही असं करा, लेखी द्या. पुढच्या सभेत घेऊ."

चिटणीस परतले. पाहुण्यांच्या टेबलावरचा थंड पाण्याचा जग त्यांनी कोणाला न विचारता उचलला, गालिच्यावर मांडी घातली, पाणी चषकात ओतलं आणि बटाट्याचा पाय त्यात बुडवला.

"पाय चार आहेत," बायको म्हणाली. "चषक एकच." पुढे ती काही बोलली नाही. घरी पोचेपर्यंत नाही आणि नंतरचे आठ दिवसही नाही. पट्टा तिने खुंटीवरून काढून आपल्या कपाटात ठेवला.

क्लबाच्या पत्रिकेत तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘विजेता सम्राट चषकातून पाणी पिताना’. सोबत अध्यक्षांचा अहवाल होता: संध्याकाळचा प्रयोग यशस्वी, एकाही श्वानाला उष्णतेचा त्रास नाही, पुढच्या वर्षीही हीच वेळ, हीच जागा, आणि चालीसाठीचे गुण दुप्पट. अहवाल कायम करायला कार्यकारिणीची सभा बोलवा आणि खाली सही करा, असा निरोप आला.

चिटणिसांनी सही केली नाही. सभा मात्र बोलावली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो परिपत्रकं काढली असतील, पण इतक्या मनापासून एकही नाही. वेळ: संध्याकाळी सहा. स्थळ: क्रीडासंकुलाचं पार्किंग. विषय: अहवाल कायम करणे. तळटीप: सभासदांनी पादत्राणे व मोजे फाटकाशी काढून ठेवावेत. सभा उभ्याने होईल.

एकानेही फोन केला नाही. परिपत्रकात आहे म्हणजे आहे.

सहाला फाटकाशी बुटांच्या नऊ जोड्या ओळीने लागल्या. सगळ्यांत चकचकीत अध्यक्षांची, सगळ्यांत जुनी चिटणिसांची. झुळूक होती. मंडळी अनवाणी आत आली, आणि चार पावलांत प्रत्येकाच्या चालण्यात काहीतरी बदल होऊ लागला. चिटणिसांचे स्वतःचे तळवे पेटले होते, पण ते दात आवळून उभे राहिले आणि सावकाश, शब्द शब्द सुटा करून वाचू लागले, "मागील... सभेचे... इतिवृत्त..."

"पुढे, पुढे!" खजिनदार एका पायावर आले.

"इतिवृत्त वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही," चिटणीस म्हणाले. "नियम आठ."

अध्यक्ष आधी डाव्या पायावर होते, मग उजव्या, मग दोन्हींवर नव्हते. त्यांचे गुडघे पोटापर्यंत येत होते. चिटणिसांनी कागद खाली केला आणि त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"वा, साहेब! हे वय, आणि चालीतली ही उचल!"

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. तो रागाने झाला की डांबराने, हे ठरवायला त्यांना सवड नव्हती. "जागा बदला!" ते ओरडले. "हिरवळीवर घ्या! संध्याकाळीच, पण हिरवळीवर! कायम!"

"पण दिवे?" चिटणिसांनी विचारलं. "खांब तर हलवता येत नाहीत."

"येतात!" खजिनदार फाटकाकडे धावता धावता किंचाळले. "हलवता येतात हो, हलवता येतात!"

ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांचे हात वर होते, काहींचे पायही.

चिटणीस घरी आले ते लंगडत. बटाट्या दारात पसरला होता, पंजे बरे होत आलेले. बायकोने त्यांच्या चालण्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. खुर्चीकडे बोट दाखवून ती आत गेली आणि पाण्याचं घमेलं घेऊन आली. आठ दिवस ज्यात तिने बटाट्याचे पाय बुडवले होते तेच. चिटणिसांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले.

"किती वेळ चालली सभा?" आठ दिवसांत तिने विचारलेली ही पहिली गोष्ट.

"दीड मिनिट."

"आणि प्रदर्शन किती वेळ होतं?"

"दोन तास," चिटणीस म्हणाले.

 बायकोने कपाट उघडलं, पट्टा काढला, आणि परत खुंटीला लावला.