डाव्या बाजूची काच

मित्रांनो, गाडीवरचा बर्फ झाडून झाडून म्हातारा झालेला मी एक कुंचा. नारीन शहरातल्या एका गाडीच्या डिकीत, बटाट्याच्या रिकाम्या पोत्याखाली माझा मुक्काम असतो. माझी कहाणी गोड नाही. माझ्या दांड्यावर मटणाच्या चरबीचा थर बसला आहे, केसांत चिखल वाळला आहे, आणि माझ्या पात्याला जो हिरवट वास येतो त्याचे कारण सांगताना मलाच मळमळते. पण सांगणार आहे. कारण किळस गिळून गप्प बसणाऱ्यांमुळे एकदा सात माणसे मरणाच्या दारापर्यंत गेली, आणि ते मी पाहिले आहे.

मी दुकानातला नाही. असनाली नावाच्या ट्रकचालकाने मला एका हिवाळ्याच्या तोंडावर घरीच बनवले. दांडा बर्चच्या लाकडाचा, केस त्याच्या स्वतःच्या घोडीच्या शेपटीचे, आणि दुसऱ्या टोकाला चहाचे पाणी उकळायच्या फुटक्या सामोवारच्या पत्र्याचे पितळी पाते. पितळ गोठलेल्या बर्फापेक्षा कठीण असते आणि काचेपेक्षा मऊ. म्हणून मी काचेवरचा थर खरवडत असे आणि काचेवर एक ओरखडा उठत नसे. त्या पात्याचा मला फार अभिमान होता.

असनाली मेंढ्या आणि कोळसा घेऊन डोलोन खिंड ओलांडत असे. सकाळी ट्रक बर्फात बुडालेला असायचा. तो आधी टपावर चढून टप झाडायचा, कारण वरचे शेवटी खालीच येते. मग समोरची काच, बाजूच्या काचा, आरसे, दिवे, आणि सर्वांत शेवटी मागची नंबरपाटी. नंबरपाटी पाहायला खिंडीत कोण येणार होते? तरी तो ती पुसायचा. काम झाले की मला टायरवर दोनदा आपटायचा आणि ओसरीतल्या थंड खिळ्याला टांगायचा. चुलीजवळ त्याने मला कधी नेले नाही. केसांतला बर्फ तिथे वितळतो, बाहेर पडताच पुन्हा गोठतो, आणि केस काट्यांसारखे ताठ होतात. इतर चालक मला मागायला यायचे. तो द्यायचा, पण झाडून परत द्यायचे या अटीवर. ते दिवस स्वच्छ होते. याहून मोठा शब्द मला सुचत नाही.

पुढे असनालीचे गुडघे गेले. ट्रक गेला. मी त्याच्या मुलाकडे, कुबानिचकडे आलो.

कुबानिच आपल्या गाडीने नारीनहून राजधानीला, बिश्केकला, माणसे नेतो. गाडी भरली की निघायचे, ज्याची आधी भरेल त्याने आधी निघायचे, असा स्टँडचा रिवाज. म्हणून त्याला कायम घाई. त्याच्या ओठाखाली नासची चिमूट असते, ती हिरवी तंबाखू. काच बोटभर खाली करून तो पिंक टाकतो. अर्धी बाहेर जाते, अर्धी दारावर ओघळून तिथेच गोठते. ती तो माझ्या पात्याने खरवडतो. ज्या पात्याने असनालीने काचेला कधी दुखवले नाही, त्या पात्याने. त्याच पात्याने त्याने एकदा मांसाचा डबा उघडला आणि ते वाकडे केले. वळणावर एका प्रवाशाचे मूल ओकले, तेव्हाही मलाच पुढे केले. बर्फात एकदा बुचकळले आणि पोत्याखाली फेकले. बस, झाली आंघोळ.

या सगळ्याची मला शिसारी येते. पण सगळ्यात जास्त येते ती त्याच्या बर्फ झाडण्याची.

तो झाडतच नाही. समोरच्या काचेवर, आपल्या नाकासमोर, नान पावाएवढे भोक पाडतो आणि बसतो. बाकीचे हीटर वितळवील म्हणतो. हीटर वितळवतो, पण खिंड चढून झाल्यावर. एकदा घाईत त्याने किटलीतले उकळते पाणी काचेवर ओतले. थंडीने आकसलेली काच एकाच जागी फुगली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. त्या तड्यावर त्याने गरुडाचे चित्र चिकटवले. आणि टप? टपावर वीतभर बर्फ तसाच. स्टँडवरचे लोक विचारायचे, "कुबानिच, गाडी आणलीस का डोंगर?" तो म्हणायचा, "टप वारा झाडतो, फुकटात. मी कशाला हात गारठवू?" वारा झाडायचा, खरे आहे. मागून येणाऱ्याच्या तोंडावर झाडायचा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळे तिच्यावर आहे. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. कुबानिचची गाडी जपानहून आलेली. तिचे स्टिअरिंगही उजवीकडेच. त्यामुळे पुढे ट्रक असला की कुबानिचला ट्रकच दिसतो, पलीकडचा रस्ता नाही. तो दिसतो डावीकडे बसलेल्याला. म्हणून अशा गाड्यांचे चालक शेजारच्याला विचारतात, "मोकळा आहे का?" तो म्हणाला "मोकळा आहे", की गाडी बाहेर काढतात. गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्या एका माणसाच्या डोळ्यांवर असतो. आणि नेमकी त्याच्याच समोरची काच कुबानिच पुसत नसे. का, तर तो स्वतः तिथे बसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग तो माणूस सांगत का नाही? आमच्या लोकांचा हाच तर घोळ आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसून, चार माणसांदेखत, त्याला "तुझी काच घाण आहे" म्हणायचे कसे? लाज वाटते. मग ते डोळे बारीक करतात, पांढऱ्या काचेकडे बघतात आणि "असेल मोकळा" म्हणतात. एकदा एक नवी शिक्षिका तिथे बसली होती. तिने असेच म्हटले. समोरून दुधाची गाडी आली, ती कडेच्या खड्ड्यात उतरली म्हणून आम्ही वाचलो. वाटेतल्या कोचकोर गावात उतरताना त्या बाईने कुबानिचचे आभार मानले. मला ओकारी यायची बाकी होती.

मग ती सकाळ आली. असनालीची थोरली बहीण बिश्केकला अंथरुणाला खिळली होती. भावाला एकदा बघायचे आहे, असा तिचा निरोप आला होता. असनाली वर्षानुवर्षे मुलाच्या गाडीने कुठे गेला नव्हता. त्या दिवशी निघाला. वडीलधाऱ्या माणसाची जागा पुढची. तो पुढे, डावीकडे बसला.

मागे बुरुल होती, लोकरीच्या सपाता विकणारी, जिला सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणतात, आणि आणखी चार जण. रात्रभर बर्फ पडून वर कडक थंडी पडली होती. स्टँडवर शेजारी उभ्या असलेल्या चालकाची गाडी भरत आली होती, म्हणून कुबानिचने पोत्याखालून मला ओढले, स्वतःपुरते भोक पाडले आणि परत फेकले. असनालीने समोरच्या काचेला बोट लावले. बर्फ बाहेरून होता.

"ही बाजू राहिली," तो म्हणाला.

कुबानिचने सांगितले की हीटर लावलाय, वाटेत निघेल, उगीच थंडीत उतरू नका. मग निघण्यापूर्वीची दुआ झाली. सगळ्यांनी ओंजळ धरली आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. चेहऱ्यावरून हात फिरवायला वेळ होता. काचेवरून मला फिरवायला नव्हता.

खिंडीच्या चढावर आमच्या पुढे एक कोळशाचा ट्रक लागला. तो रांगत होता, धूर सोडत होता. शेजारच्या चालकाची गाडी मागून जवळ येत होती. आत उबदार झाले होते. ती ऊब टपाच्या पत्र्यातून वर जात होती आणि वरच्या बर्फाचा तळ वितळत होता. पत्रा आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा झाला होता. मला डिकीत ते थेंब ऐकू येत होते. कुबानिचला काही ऐकू येत नव्हते.

"अता, मोकळा आहे का?" त्याने वडिलांना विचारले.

"दिसत नाही."

"नीट बघा की."

"बघतोय. दिसत नाही."

कुबानिच हसला. "चष्मा घरी राहिला वाटतं. बुरुल-एजे, तुम्ही तरी मान बाहेर काढा."

"मी काढीन रे," मागून बुरुल म्हणाली, "पण मान परत आत आली नाही तर माझ्या सपाता कोण विकणार, तू?"

मागचे हसले. असनाली हसला नाही. तो पुन्हा म्हणाला, दिसत नाही, थांब. पण तेवढ्यात शेजारच्या गाडीने मागून भोंगा वाजवला आणि कुबानिचला राहवले नाही. स्वतःच बघून घेतो म्हणत त्याने गाडी डावीकडे काढली. उजव्या बाजूला बसलेल्या माणसाला काही दिसायचे तर अर्ध्याहून जास्त गाडी पलीकडे न्यावी लागते. तशी ती गेली. आणि त्याला दिसले. समोर दोन दिवे होते, अगदी जवळ.

त्याने गाडी आत ओढली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबू लागली. टपावरचा बर्फ थांबला नाही. त्याला ब्रेक नव्हता आणि खाली पाणी होते. तो अख्खा थर पुढे घसरला आणि धप्पकन काचेवर बसला. नान पावाएवढे भोकही बुजले. वायपर त्याखाली घुरघुरत राहिले. गाडीत कोणाला काहीच दिसत नव्हते, चालवणाऱ्यालाही नाही. आम्ही आंधळेपणाने घसरत गेलो आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबलो. समोरून येणारा, त्या दोन दिव्यांचा ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला. वाऱ्याने आमची गाडी हलली.

बुरुलच्या सपाता मांडीवरून खाली सांडल्या होत्या, त्या ती एकेक करून पिशवीत भरत होती आणि जोड्या चुकवत होती.

असनाली उतरला. गुडघे धरत मागे आला, डिकी उघडली, पोते बाजूला केले. मला हातात घेतल्यावर त्याने आधी पात्याचा वाकलेला कोपरा बघितला. मग ते नाकाशी नेले. त्याने तोंड वळवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला जे वाटत होते ते त्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर मी पाहिले.

वडील बर्फ झाडणार आणि मुलगा बघत राहणार, ही आमच्याकडे न सोसण्याजोगी गोष्ट आहे. कुबानिच धावत आला, "अता, द्या इकडे, मी करतो" म्हणाला. असनालीने मला दिले नाही. त्याने फक्त काचेवर घसरून पडलेला ढीग बाजूला सारला. खाली डाव्या अर्ध्यावर रात्रीचा कडक थर होता तसाच होता. त्याला त्याने हात लावला नाही.

"माझ्या जागी बस," तो म्हणाला.

"अता, लोक बघताहेत."

"बघू दे. बस."

कुबानिच डावीकडे बसला. असनाली वळसा घालून स्टिअरिंगपाशी बसला आणि मला मांडीवर ठेवले. इंजिन बंदच होते.

"मोकळा आहे का?" असनालीने विचारले.

कुबानिचने समोर बघितले. मीही बघितले. काच दुधासारखी पांढरी होती. तिच्यापलीकडे रस्ता आहे, खिंड आहे, दिवसाचा उजेड आहे, यावर विश्वास बसला नसता.

"दिसत नाही, अता."

"आणि इथं बसून आजपर्यंत 'मोकळा आहे' म्हणाले, त्यांना काय दिसत होतं रे?"

कुबानिच उतरला, स्टिअरिंगच्या बाजूला आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. तेव्हा असनालीने मला त्याच्या हातात ठेवले.

बाहेर वारा कापत होता. कुबानिचने उरलेला टप झाडला. काच खरवडली, माझा वाकडा कोपरा अडत होता म्हणून पाते फिरवून सरळ बाजूने खरवडली. बाजूच्या काचा, आरसे, दिवे. त्याचे नाक वाहत होते आणि बोटे लाल झाली होती. आमची घसरण बघून मागे थांबलेला शेजारचा चालक मधेच पुढे निघाला आणि जाताना ओरडून गेला, "काय रे, खिंडीत धुणं काढलंस काय?" कुबानिचने मान वर केली नाही. मग गाडी ढिगातून मागे घेऊन आम्ही निघालो, रांगणाऱ्या कोळशाच्या ट्रकला पुन्हा गाठले, आणि उतार संपेपर्यंत त्याच्यामागेच राहिलो. संध्याकाळ व्हायच्या आत असनाली बहिणीच्या उशाशी बसला होता. ती त्याला म्हणाली म्हणे, किती उशीर केलास.

तुम्हाला वाटेल, आता माझे सुखाचे दिवस आले. नाही. कुबानिच आता समोरची काच पूर्ण पुसतो, डावी बाजू आधी. टप झाडतो, तोंड वाकडे करून. पण नासची पिंक अजून दारावरच पडते आणि अजून मीच ती खरवडतो. पोते तेच आहे. वाकडे पाते सरळ करावे असे त्याला अजून सुचलेले नाही. भीतीने त्याला काच पुसायला शिकवले. नंबरपाटी पुसायला शिकवील असे काही शिल्लक उरलेले नाही. माझी किळस मी अजून सोडलेली नाही.

मित्रांनो, ज्या वस्तूंनी तुम्ही घाण काढता त्यांना घाणीत ठेवू नका. मला झाडून थंड खिळ्याला टांगा, एवढीच माझी मागणी आहे. आणि तुम्हाला कोणी पुढच्या जागेवर बसवले, समोरची काच पांढरी असली, आणि चालवणारा घाईघाईने तुम्हाला विचारू लागला, तर तो काका असो, मामा असो की स्टँडवरचा सर्वांत वेगवान चालक असो, त्याची भीड धरू नका. दिसत नाही म्हणा. तो हसला तर पुन्हा म्हणा. आणि गाडी थांबवायला लावून त्याला बाहेर काढा, माझ्याकडे पाठवा.