पांझरेकाठच्या बांधावरचा दगड

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, देवळातला नाही की किल्ल्यातला नाही. दोन शेतांच्या मध्ये उभा असलेला, हद्दीचा दगड. माझ्यापुढे कुणी हात जोडत नाही. इकडचं तुझं आणि तिकडचं माझं एवढंच मी सांगायचं, आणि तेही न बोलता.

पिंपळनेरच्या अलीकडे पांझरा नदीला लागून एक लहानसं गाव आहे. मी तिथलाच. टेकडीवरच्या काळ्या खडकातून एका पाथरवटाने मला फोडून काढलं आणि माझ्या डोक्यावर छिन्नीने फुली कोरली. कौतिक नावाच्या शेतकऱ्याने मला बैलगाडीतून आणलं. त्याचं शेत एका अंगाला, चिंधाचं दुसऱ्या अंगाला. कौतिकचं वावर मोठं, नदीकडचं. चिंधा बौद्धवाड्यातला, त्याचं वावर लहान आणि मुरमाड. पण दोघांनी मिळून खड्डा खणला आणि दोघांनी मिळून मला उभं केलं.

माझे बरे दिवस ते. दुपारी दोघं माझ्या दोन अंगांना टेकून बसत, बिडी ओढत, पावसापाण्याचं बोलत. कौतिक आपल्या कळशीतून पाणी द्यायचा. वरून ओतायचा, चिंधा ओंजळीने प्यायचा. तेव्हा गावाची रीतच तशी होती. बायका माझ्यावर विळे घासत, डोक्यावरचा भारा टेकवून घाम पुसत. वासरं अंग खाजवून जात. आखाजीच्या सणाला कौतिकची बायको लिलाबाई मला हळद लावायची. मी नुसता उभा असायचो, आणि तेवढ्याने दोन घरं निर्धास्त झोपायची.

मग कौतिक गेला. काही वर्षांनी चिंधाही काविळीने गेला. मागे राहिली त्याची बायको द्रौपदाबाई. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. बाई एकटीच बाजरी पेरायची, एकटीच निंदायची.

कौतिकचा मुलगा देवचंद हाताचा जोरकस होता. त्याने विहीर खणली, कांदा लावला. गावात पहिला ट्रॅक्टर आला तो त्याच्याच वावरात. पहिल्या नांगरटीला फाळ बांधाला घासून गेला. पुढच्या वर्षी बांध थोडा कोरला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मी आडवा पडलो, आणि देवचंदच्या गड्याने मला उचलून पुन्हा उभं केलं ते द्रौपदाबाईच्या वावरात, चार पावलं आत. मित्रांनो, मला पाय नाहीत. तरी मी चालत राहिलो. दर उन्हाळ्यात थोडा थोडा. माझ्याइतका दमलेला दगड त्या शिवारात दुसरा नसेल.

द्रौपदाबाईला कळत नव्हतं असं नाही. तिच्या बाजरीच्या ओळी कमी होत होत्या. एक दिवस तिने देवचंदला बांधावर गाठलं.

"देवचंदनाना, दगड मन्हा वावरमा सरकी गया," ती म्हणाली.

"दगड काय चालस का?" देवचंद हसला. "तुले भास व्हस."

ती गावातल्या चार वडीलधाऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, पेरणी होऊ दे. मग म्हणाले, कापणी होऊ दे. मग कुणाच्या तरी घरी लग्न निघालं. बाई जाऊन जाऊन थकली. एका दुपारी माझ्यापाशी येऊन बसली आणि मलाच म्हणाली, "तू तरी बोल ना रे बाबा." मी काय बोलणार? माझ्या डोक्यावरच्या फुलीवर हात ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

अखेर भुईमूग निघाल्यावर पंच आले. बांध तर उरलाच नव्हता. देवचंद निवांत उभा होता. "दगड जठे शे तठे हद्द," तो म्हणाला. पंचांनी माना डोलावल्या. त्यांनाही जेवायला घरी जायचं होतं.

तेवढ्यात गावाकडून काठी टेकत कुणी तरी येताना दिसलं. लिलाबाई. देवचंदची आई. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. देवचंद पुढे धावला.

"माय, तू कसाले उनी? घर जाय."

तिने त्याचा हात बाजूला केला. कांद्याच्या वाफ्यांमधून ती चालत राहिली, इकडे तिकडे बघत, जुनं काही शोधत. देवचंदच्या वाफ्यात, चांगली आत, एका जागी थांबली आणि तिने काठी रोवली.

"दगड अठे व्हता."

"माय, तुले काय आठवस?"

"मी नवी नवरी व्हतू. तुना बापनी खड्डामा कोयसा टाकायले लावा. मन्हा चुल्हाना कोयसा, मीच पाटीमा आनेल व्हतात. दगड हाली गया तरी कोयसा हालत नही, अशे म्हने तो." ती पंचांकडे वळली. "खना अठे."

कुणी हलेना. शेवटी द्रौपदाबाईनेच कुदळ उचलली. ओली माती वर आली, मग घट्ट माती, आणि मग कोळशाचे काळे, ठिसूळ तुकडे. एका पंचाने एक तुकडा बोटांत चुरला. बोटं काळी झाली.

"देवचंद," लिलाबाई म्हणाली, "दगड उचल."

आणि मित्रांनो, मला देवचंदने स्वतः उचलून त्या जुन्या खड्ड्यात नेलं. त्याच्या छातीशी मी होतो. त्याचं काळीज केवढं धडधडत होतं ते मला ठाऊक आहे. संताप होता की लाज, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

लिलाबाईला त्या दिवसापासून घरात कुणी वाईट बोललं नाही. कुणी बोललंच नाही. सून ताट पुढे सरकवायची आणि आत निघून जायची. मग म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी रोज वावरात येऊ लागली, माझ्या सावलीला. माझी सावली ती केवढी! तरी बसायची.

एका दुपारी द्रौपदाबाई पलीकडे भाकरीचं फडकं सोडून बसली होती. म्हातारीने हात पुढे केला.

"भाकर दे व माय."

"लिला माय, मन्हा हातनी?"

"मंग आते कोना हातनी खाऊ?"

द्रौपदाबाईने अर्धी भाकर आणि ठेचा तिच्या हातावर ठेवला. गावात त्याची चर्चा झाली. दोघी जेवत राहिल्या. त्या दुपारनंतर कित्येक दुपारी जेवल्या.

मग म्हातारी यायची थांबली. काही दिवसांनी सकाळी देवचंद आला. आपल्याच बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. द्रौपदाबाई बाजरी निंदत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला,

"माय गयी."

द्रौपदाबाईच्या हातातला विळा गळून पडला. वळसा घालून रस्त्याने जायचं तिला सुचलं नाही. ती उठली, मला ओलांडून थेट देवचंदच्या वावरात शिरली आणि कोवळ्या कांद्याचे वाफे तुडवत गावाकडे पळत सुटली. देवचंदने तिला अडवलं नाही. डोक्यावरचं उपरणं काढून तो तिच्या मागोमाग चालू लागला.

आता मी फार थकलो आहे. फुली झिजून गेली आहे. मित्रांनो, तुमच्याही बांधावर माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याला हळद नाही लावलीत तरी चालेल. फक्त त्याला हलवू नका. आणि कधी पलीकडून हाक आली, तर मात्र त्याला विचारत बसू नका. खुशाल ओलांडून जा.