वाकळेतली गाठ

“एका दोराचा वाक धर. दुसरा त्येच्या खालनं वर काढ, पाठीमागनं फिरव, आन् त्येच्याच कुशीत खुपस. ओढ आता. जेवढं ओढशील तेवढी आवळतीया बघ, माझ्या आयच्या रागावानी.”

भरमाचं हे बोलणं बायाक्काच्या कानात अठरा वर्षं होतं. मानमोडीच्या तापातनं वाचलेला तिचा हा नवरा पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीत गेला. गाळ काढायला उतरला होता, तिनं सांधलेल्या दोरावर. “बाईमाणसानं मारलेली गाठ. सुटली,” थोरला दीर अंबाजी म्हणाला, आणि सगळ्या येळ्ळूर गावानं ते मानलं. तेव्हापासून तिनं बांधलेला गवताचा भारासुद्धा बाया सोडून पुन्हा बांधत. जात्यावर ती एकच ओवी म्हणे:

जात्याला घालते दाणं मुठीमुठी
बोलायचं ऱ्हातंय रोज माझ्या ओठी

आज तीच विहीर, तसाच वैशाख. उतरणार होता तिचा शामू.

“आप्पा, नवा दोर काढा की,” शामू चुलत्याला म्हणाला.

“त्यो मोटंला लागतोय. हाय त्यालाच सांधा.” अंबाजीनं दोन जुने दोर पुढं टाकले.

शब्दाला शब्द तेच. “दादा, ह्यो कुजलाय,” असं भरमा तेव्हा म्हणाला होता, तरी ह्या माणसानं त्याला हेच ऐकवलं होतं. बायाक्कानं वाकून दोर चाचपला. बोटांना कुजकी पूड लागली.

“आई, तू हात लावू नगंस,” शामू नजर चुकवत म्हणाला. “माझा मी सांधतो.”

“शाणं झालं म्हणायचं पोरगं,” अंबाजी हसला. रहाटाजवळ उभा असलेला शेजारचा भावकू म्हणाला, “बायाक्का, चुलीकडं बघ जा. हितं तुजं काय काम?”

ती घराकडं वळली. डोळ्यांत टिपूस नव्हतं, कानशिलं मात्र तापली होती. दांडीवरची शामूची वाकळ तिनं खाली ओढली आणि खुरप्यानं टराटरा उसवली. लहानपणी तो कुरकुरायचा, “आई, उशाला काय टोचतंय गं?” “नीज,” एवढंच ती म्हणायची. भरमाचे दिवस झाल्यावर त्या दोराचा गाठीसकट तुकडा तिला गोठ्यात वैरणीखाली दडवलेला सापडला होता. तो घेऊन ती दिराकडं गेली, तेव्हा पाळण्याकडं बघत तो म्हणाला, “तोंड उघडलंस तर ह्याला घिऊन वाटंला लागायचं.” तिनं तोंड शिवलं. मग वाकळ शिवली.

ती परत आली तेव्हा कमरेला दोर बांधून शामू काठावर बसला होता, पाय आत सोडून.

“उठ.”

तिच्या हातातलं अंबाजीनं ओळखलं. त्याची चंची मांडीवर उघडीच राहिली. “बायाक्का, घरात जा.”

पदर खांद्यावर आला होता. तिनं तो सावरला नाही. दोराचा तुकडा तिनं पोराच्या हातात दिला.

“ओढ.”

शामूनं उठून ओढलं. एक टोक पायाखाली दाबून, मनगटाच्या शिरा तट्ट फुगेपर्यंत ओढलं. गाठ हलली नाही. गाठीपासून वीतभरावर दोराचे तंतू पिंजून मोकळे लोंबत होते.

“ही गाठ तुझ्या बानं शिकवलेली, मी मारलेली,” बायाक्का म्हणाली. “गाठ सुटली न्हाय, शामू. दोर तुटला. आन् त्यो कुजलाय हे भावजींस्नी त्या दिशीबी म्हाईत हुतं.”