विसावं झाकण

माझी बायको डेल्फिया आमच्या केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवायची. बस दरीकडे कलंडली तेव्हा तिनं मागचं दार पाठीवर तोलून धरलं आणि बावीस पोरं बाहेर काढली. ती म्हणते अकरा. मी तिथं नव्हतो, पण मोजणी माझीच बरोबर.

तेव्हापासून दुखणं तिच्या पाठीत मुक्कामाला आलं. म्हाताऱ्या केस्टनर डॉक्टरांच्या गोळ्यांवर एकोणीस वर्षं ती ओट्याशी अर्धा तास उभी राहायची. तेवढ्यात मक्याचा पाव भट्टीत जायचा आणि तिचं गुणगुणणंही व्हायचं.

केस्टनर निवृत्त झाले, त्यांच्या दवाखान्यात डॉक्टर रोवीना स्कॅग्ज आल्या.

"नव्या पेशंटला अफूच्या जातीच्या गोळ्या पूर्ण डोसनं सातच दिवस, असा राज्याचा कायदा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे तुम्ही आज पहिल्यांदाच आलात. माझं लायसन्स जाईल हो."

"आणि आठव्या दिवसापासून?"

"निम्म्या."

"मग ही कमरेपर्यंतच उभी राहील," मी म्हटलं.

"गप्प बस, म्हाताऱ्या." डेल्फियानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "डॉक्टरबाई, दुखणं जुनंच आहे. नवीन तुम्ही आहात." मग तिनं दाराच्या मागं बोट दाखवलं.

तिथं बरण्यांची एकोणीस झाकणं खिळ्यांनी ठोकलेली होती.

"मला वाटलं, शोभेची असतील!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

दर शरदात डेल्फिया शेंगांच्या लोणच्याची पहिली बरणी केस्टनरना द्यायची. ते लोणचं खायचे आणि झाकणावर तिची त्या वर्षाची नोंद लिहून ठेवायचे. डॉक्टरबाई एकेक वाचू लागल्या. "दोन हजार नऊ. डोस तोच. पस्तीस मिनिटं उभी. नवरा अजून थापा मारतो."

एकोणिसावं वाचून त्यांनी टेबलावरचा कायद्याचा कागद हातात घेतला.

"'आधीपासून उपचार चालू असलेल्यांना ही मर्यादा नाही.' मी धरून चालले होते, माझ्याकडे चालू असलेल्यांना. इथं तर कुठल्या डॉक्टरकडे, याचा उल्लेखच नाही."

त्यांनी महिन्याच्या गोळ्या लिहिल्या, डोस तोच. खाली कारणही लिहिलं. डेल्फियानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

शरदात बरणी पोचली. काही दिवसांनी डॉक्टरबाईंनी माझ्याकडून हातोडी मागून नेली. विसावं झाकण तिरकंच बसलंय. त्यावर लिहिलंय: "डोस तोच. चाळीस मिनिटं. मुलं अकरा."

बाई शिकलेली आहे, पण मोजणीत कच्ची.