तिसऱ्या खळग्यातलं पाणी

इकडे बघा, शिलाई मशीनशेजारी, बटणांच्या डब्याला टेकून बसलोय तो मी. केस वाळवायचा ड्रायर. गळ्याला काळी चिकटपट्टी आहे, तिच्यावर जाऊ नका. मी एक अख्खं इंजिन वाळवलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जन्म कारखान्यातला. पोटात पंखा आणि पंख्यापुढे तापणारी तार, एवढाच माझा संसार. दुकानात पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी असा भणाणलो की दुकानदार दचकला. स्वभावच तसा, तापट. मला आईंनी विकत घेतलं. म्हणजे माझ्या मालकिणीच्या आईने. त्या घरीच शिलाईकाम करतात. लेकीचे केस कमरेपर्यंत, वाळता वाळत नसत, आणि शाळेला रोज उशीर. सहा वर्षं मी तिला वेळेवर घराबाहेर काढलं. मग एक दिवस ती केस कानापर्यंत कापून आली आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली, तुटक्या कंगव्यांच्या संगतीला. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. रागाने तापायचं म्हटलं तरी वीज लागते हो.

आणि मग ती शुक्रवारची सकाळ आली. खणाला फट आहे, खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे बरंचसं मी स्वतः ऐकलं. उरलेलं आईंनी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय.

मालकिणीला फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं, पण लायसन्स हातात घेऊन. आणि बाईसाहेब चाचणीत दोनदा नापास, दोन्ही वेळा गाडी मागे घेताना. तिसरी चाचणी त्या दिवशी अकराला, घरच्याच गाडीवर. ती हुकली की नोकरी दुसऱ्याला जाणार होती.

बाबा रंगारी. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. परीक्षकावर छाप पडावी म्हणून त्यांनी सकाळीच गाडी धुतली, आणि हौसेच्या भरात बॉनेट उघडून इंजिनावरही पाइपाने जोरदार फवारा मारला. इंजिन कसं लखलखलं! चालू केलं, तर गाडी थंडी वाजून आल्यासारखी थडथडायला लागली आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला.

थोडी पळवली की वाळेल, असं बाबांचं म्हणणं. मालकिणीने इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली. हा दिवा लुकलुकत असताना गाडी पळवायची नाही, हे तिने गाडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं. मेकॅनिकला फोन केला तर तो दुपारी येतो म्हणाला. साडेनऊ वाजून गेले होते. माझ्या हौसेपायी पोरीची नोकरी गेली, असं म्हणत बाबा पायरीवर डोकं धरून बसले.

तेवढ्यात आई मशीनवरून उठून अंगणात आल्या. पुन्हा एकदा चालू कर म्हणाल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात त्यांची तीस वर्षं गेली आहेत.

"चारातला एक टाका सुटतोय," त्या म्हणाल्या. "आणि दर वेळी तोच."

झालं, धागा सापडला. इंजिनाला सिलिंडर चार, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठिणगीला वीज पुरवणारी एकेक कॉइल. मालकिणीने चालू इंजिनावर एकेका कॉइलची वायर काढून बघायला सुरुवात केली. पहिली काढली, इंजिन आणखी लटपटलं. म्हणजे तो सिलिंडर कामावर हजर होता. ती लावून दुसरी काढली, तेच. तिसरी काढली आणि काडीचा फरक पडला नाही. इंजिन बंद करून तिने ती कॉइल उपसली, तर खालचं रबर ठिबकत होतं आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या खोल खळग्यात बोटभर पाणी साचलं होतं.

बाबांच्या अंगात एकदम बळ आलं. पाना घेऊन धावले, प्लग काढून पुसतो म्हणाले.

"बाबा, थांबा. प्लग सुटला की हे सगळं पाणी इंजिनाच्या पोटात जाईल."

पाना हवेतच राहिला. आईंनी विणायच्या सुईला चिंधी गुंडाळून पाणी टिपलं. पण तळाची ओल काही हटेना. तेव्हा, ऐका हं, तेव्हा मालकीण म्हणाली, "आई, माझा ड्रायर कुठेय गं?"

माझा! दोन वर्षांनी मी कुणाचा तरी होतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब वायर आली आणि मी त्या खळग्यात तोंड घालून जीव खाऊन फुंकायला लागलो. आधी खळगा, मग कॉइलचं रबर, मग वायरची पिन. ऑइलच्या वासाने गुदमरलो. याला जळका वास येतोय, जरा विसावा दे, असं बाबा म्हणाले. पण मलाच थांबायचं नव्हतं. शेवटी पोटात काहीतरी तटकन तुटलं. पंखा फिरत राहिला, पण वारा गार. तोवर मात्र सगळं खडखडीत वाळलं होतं.

कॉइल बसवली, किल्ली फिरवली. आईंनी पुन्हा डोळे मिटले. इंजिन एका लयीत चालत होतं, दिवा विझला होता.

"आता शिलाई सरळ आहे," आई म्हणाल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दहा वीसला बापलेक निघाले.

मी खिडकीतच पडून होतो. साडेबाराला गाडी फाटकाशी आली. परीक्षकाने बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अशी बाबांची तक्रार लांबूनच ऐकू आली. सवयीप्रमाणे ते उतरून मागे गेले आणि हात हलवत "ये, ये, अजून ये" करू लागले. मालकिणीने काच खाली केली.

"बाबा, बाजूला व्हा."

आणि एका दमात गाडी मागे घेत त्या चिंचोळ्या फाटकातून आत आणून लावली. बाबा भिंतीला टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते. मग चाचणीचा निकाल विचारायची गरजच उरली नाही.

माझी तार काही जोडली गेली नाही. आता आई माझ्या गार वाऱ्याने मशीनमधला कापसाचा भुगा उडवतात. तेव्हा एकच मागणं आहे. इंजिन धुणारच असाल तर ओल्या फडक्याने पुसा, आणि कॉइलवर प्लास्टिकची पिशवी बांधा. प्रत्येक घरात माझ्यासारखा वेडा असेलच असं नाही.

सोमवारी सकाळी मालकीण ओल्या केसांनी इथे आली. मला उचललं, चालू केलं, आणि मिनिटभर गार वारा केसांवर घेतला. त्याने केस वाळत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. मग मला जागेवर ठेवून ती वाचनालयाच्या गाडीवर कामाला गेली, ओल्या केसांनीच, अगदी वेळेवर.