नव्यानं भरलेली नावं

निकेशने कॉम्प्युटरमधला डेटाबेसचा प्रोग्राम पुन्हा एकदा काढला, मशीन बंद करून चालू केलं आणि नवा टाकायला घेतला. छे! अर्ध्यात अडकून मशीनचं तेच रडगाणं, जुना अजून आतच आहे.

"घरजावईच झाला हा तं," तो वैतागला.

मागे नानाजी पान चघळत उभे होते. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळचं हे बुकिंग ऑफिस त्यांचं, नाटक कंपनीही त्यांचीच. विजेच्या झटक्याने कंपनीची सगळी माहिती बिघडली होती. कोण कलाकार, कोणाची कोणती भूमिका, काही म्हणता काही उघडत नव्हतं. आणि दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरणार, रोज रात्री नाटक लागणार.

"प्रोग्राम गेला, पण त्याचं फोल्डर मागं राह्यलं," निकेश म्हणाला. "तेबी पुसा लागते."

"मंग पूस ना. मुळासकट काढ." नानाजींनी आवाज खाली आणला. "अन् नवीन नावं भरशीन, त्यात आशाबाईले टाकू नको."

निकेशचा हात माउसवरच थांबला.

"काऊन? कंपनी त्यायनंच तं उभी केली."

"म्हणून काय मरेपर्यंत नाचवू? गावाले तरणी पोरगी पाह्यजे. स्वाती येऊन राह्यली तिच्या जागी. बाईनं विचारलं तं कॉम्प्युटरवर ढकलजो. अन् तुले जमत नसन तं सांग, तुह्या जागेवरबी लय पोट्टे हायेत."

वा रे मालक! जिच्या जिवावर तिकिटं खपली, तिला हाकलायलाही यांना मशीनचा आडोसा हवा. निकेशला भयंकर चीड आली. ती गिळून त्याने फोल्डर पुसलं. या वेळी प्रोग्राम मुकाट्याने बसला.

तेवढ्यात दारात आशाबाईच. नानाजी फोन कानाला लावून बाहेर सटकले.

"सगळं उडालं म्हंते, बाबू? मले विचार. मले समदे पाठ हायेत."

आशाबाईंना अक्षरओळख नव्हती, आयुष्यभराची नाटकं त्यांनी कानांनीच पाठ केलेली. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. रामाजी तबल्यावर. झिंगू खलनायक, दारू सुटली त्याची, आता त्याले नाटकात घ्याले हरकत नाई. डोमा विनोदी, पण फोन त्याच्या बायकोले लावजो. एकही माणूस सुटला नाही.

"अन् ते नवीन पोरगी, स्वाती. तिलेबी टाक. लेकराचं नाव सुटाले नको."

निकेशने टाकलं.

"झालं. माह्यं टाकलं ना?"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. बाहेरून नानाजींचं हसणं ऐकू आलं.

"टाकलं ना, बाई."

"कुठी? दाखव बरं."

त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे स्वाती होती.

आशाबाई पुढे वाकल्या. पदराच्या टोकाने त्यांनी तेवढ्या नावावरची धूळ पुसली.

"देखणं दिसते रे! माह्या मोबाईलमंधी फोटो काढून दे. नातीले दाखवीन, दिव्यानीले. शाळेत जाते, वाचाले येते तिले."

निकेशने मोबाईल घेतला आणि फोटो काढताना मुद्दाम हात हलवला.

आशाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळला.

"पुसट आला, बाबू. नीट काढ. पोरीले वाचता आलं पाह्यजे."

त्याने दुसरा नीट काढून दिला.