बहात्तर वॅट

दुपारी सव्वाचारला अंडी उबवण्याच्या यंत्रातली कॉइल जळाली. साडेपाचला नणंदेने नवी बसवली. सहा वाजले तरी आतला पारा छत्तीसच्या वर सरकेना. त्याला साडेसदतीस गाठायचे होते आणि पिल्ले उद्या सकाळी बाहेर यायची होती.

"वन्सं, कॉइल हलकी तर नाही ना आणली?" वहिनीने काचेला नाक लावून विचारले.

"हिशेब करूनच बसवलीय." नणंद गावभरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायची. शंका घेतलेली तिला खपत नसे. "बोर्डावर दोनशे तीस व्होल्ट. मोजलेला करंट चार अँपिअर. गुणाकार नऊशे वीस वॅट. भागाकार साडेसत्तावन्न ओहम. तुझ्या यंत्राला नऊशे पुरतात."

"मग पाऱ्याला सांगा की."

नणंद हसली नाही. मोटार बोर्डाला चिकटूनच असते, त्यामुळे व्होल्टेज बोर्डावरच बघायची तिच्या हाताला सवय. इथे बोर्ड पुढच्या खोलीत, यंत्र मागच्या, आणि मधे कोठार. तिने मीटर उचलला आणि तारा यंत्राच्या टोकाला लावल्या.

दोनशे बारा.

तिने पुन्हा लावून पाहिले. दोनशे बाराच.

"काय झालं?"

"चार अँपिअरने आठशे अठ्ठेचाळीस वॅट. बहात्तर कमी पडतायत."

"एवढ्याने काय होतं?"

"कमी पडतायत ते सोड. गेले कुठे ते बघ. अठरा व्होल्ट वायर खातेय. साठचा जुना बल्ब हाताला चटका द्यायचा ना? त्याहून जास्त ऊब मधल्या वायरमधे आहे. सगळ्या लांबीत पसरली असेल तर ठीक. एकाच जोडात असेल तर..."

वहिनीचा चेहरा उतरला. वायर कोठारातून जात होती, भुशाच्या पोत्यांमागून.

"जोड आहे मधे?" नणंदेने विचारले.

"आहे. गेल्या वर्षी यंत्र मागे हलवलं तेव्हा ह्यांनी वायर वाढवली. पीळ देऊन पट्टी गुंडाळली."

"नुसता पीळ? दादाला अक्कल कधी येणार."

"तुमचाच भाऊ."

"नवरा तू केलास."

एवढे बोलून दोघी कोठाराकडे धावल्या. पोती छताला टेकली होती. जळका वास येतोय की आपल्यालाच तसे वाटतेय, हे नणंदेला कळेना.

"मेन बंद कर."

वहिनी जागची हलली नाही. "पिल्लं कवच फोडायला लागलीत. आता गार पडली तर आतच राहतील. आधी पोती काढू, वीज राहू दे."

"भुसा पेटला तर पिल्लं, कोठार, घर, काही राहणार नाही."

वहिनीने यंत्राकडे पाहिले, मग पोत्यांकडे. ती बोर्डापाशी गेली आणि खटका खाली ओढला. यंत्रातल्या पंख्याची घरघर थांबली. तिने घरातली पांघरुणे आणून यंत्रावर टाकली आणि पदर खोचून पोत्यांना हात घातला.

पावणेसातला अर्धी पोती अंगणात होती. पोत्यांमागून मोकळी झालेली वायर वीज बंद होऊनही हाताला कोमट लागत होती. जोड अजून दिसला नव्हता. यंत्रातला पारा चौतिसावर होता.